माळा

दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
तेव्हा भांडी बाजारात सुकदेव तांबटांनी
घंगाळं माळ्यावर चढवली, पातेली नंतर.
नात भूगोलाची वही उराशी धरून जिन्यात:
"बांगलादेशात का येतो पूर? तिकडे चीनमध्ये?"

उतार संपतो तिथं गाळ बसतो, बाई,
गाळावर भात पिकतो, भातामागं माणसं येतात.
"आणि आपल्याकडे?"
वर त्र्यंबकला कोसळतोय. धरणाचे दरवाजे उघडलेत.

एवढंच सांगून ते थांबले.
कुंडांच्या तळात काँक्रीट ओतायचा ठेका
थोरल्यानं घेतला होता.
त्याच पैशातला हा माळा.
नातीनं वहीत कारण लिहिलं: जास्त पाऊस.

रात्री गंगा तिसऱ्या पायरीवर आली,
उंबऱ्याशी जराशी घुटमळली,
दार ओळखीचं असल्यासारखी.