धातू

रॉन्डाच्या खोऱ्यात साडेचारलाच अंधार पडतो.
मी ऑक्सिजनची नळी बदलते,
नेरिस परीक्षेचे शब्द घोकते
आजोबांच्या पायाशी बसून:
इन्स्पायर. पर्स्पायर. रेस्पिरेशन.
सगळे एकाच लॅटिन मुळाचे, ती सांगते,
स्पिरारे, म्हणजे श्वास घेणं.

‘आमच्याकडे अशा मुळाला धातू म्हणतात,’ मी म्हणते,
‘आणि लोखंडालाही.’
इडवल प्रॉसर मास्क वर सरकवतो.
‘आमच्या डोंगरात नुसता कोळसा.’
एवढ्या वाक्याला त्याला तीन थांबे लागतात.

एक्स्पायर
तिला दुधाच्या बाटलीवरून ठाऊक आहे.
पटकन पुढे जाते.

कॉन्स्पायर.
‘कट करणं,’ नेरिस वाचते,
‘पण मुळात, एकत्र श्वास घेणं.’

म्हातारा बराच वेळ गप्प.
मग: ‘संपाच्या वर्षी कोर्टात
हाच शब्द होता आमच्यावर.
नऊ जण. ग्लिनच्या गॅरेजात.
दार लावलेलं, खिडकीला पोतं.
श्वासच घेत होतो, पोरी.
थंडी इतकी, की
प्रत्येकाचा वेगळा दिसत होता.’

मी नोंदवहीत आकडा लिहिते, मिनिटाला अठ्ठावीस.
विश्वास, आश्वासन:
आमच्या धातूची पोरं आठवतात.
दुसरं मी या घरात देत नाही.

‘अजून एक घ्यायचा का?’ नेरिस विचारते.
तो हात वर करतो. थांब.
आम्ही थांबतो,
आणि कुणी न सांगता
तिघंही त्याच्याच गतीने
घेऊ लागतो.