वाळं

शनिवारी दुपारी समुद्राकडून धुकं चढत असताना
ॲशिंग्टनच्या माझ्या मागच्या अंगणात
कपड्यांच्या दोरीखाली एक कबुतर बसलं होतं.
मी हुसकलं. ते उडालं नाही,
चालत बाजूला झालं,
रांगेत कुणाला जागा करून द्यावी तसं.

मी रातपाळी करून आलेली,
रात्रभर माणसांची मोडकी हाडं पडद्यावर पाहिलेली.
पाखरांची हाडं पोकळ असतात, एवढं पुस्तकातून ठाऊक.
उचललं तर वजन असं काही नव्हतंच,
नुसती धडधड,
आणि उजव्या पायात वाळं. वाळ्यावर आकडे.

मागच्या गल्लीपलीकडे एर्नी चार्ल्टन राहतो, वय एक्क्याऐंशी.
त्याची ढाबळ त्याच्या घराहून नीट रंगवलेली.
त्यानं भिंग लावून आकडे वाचले.
मादी आहे. दोन वर्षांची. स्कॉटलंडची.
काल फ्रान्सहून सोडली असणार.
वाळं सातव्या दिवशी घालतात, म्हणाला,
मग पाय वाढतो, आणि ते निघत नाही.
"आणि पाव देऊ नकोस. आधी पाणी."

मी घरातून माझ्या सवयीचं पाणी करून आणलं.
त्यानं वाटी हुंगली, विचारलं काही नाही.
ती डोळ्यांपर्यंत चोच बुडवून प्याली,
कोंबडीसारखी मान वर न करता,
एका दमात.

मग फोन. गॅलाशिल्सचा कुणी रदरफर्ड.
टेबलाच्या या बाजूलाही मला ऐकू येत होतं:
वाट चुकणारं पाखरू मला नको.
ठेव, नाहीतर मान पिरगाळ.
एर्नीनं रिसीव्हर ठेवला, शेजारी मूल झोपलं असावं इतका हळू.
"लाइन खराब होती," म्हणाला.

तीन दिवस ती त्याच्या रिकाम्या खणात.
मका, वाटाणे, थोडी करडई.
संध्याकाळी मी जायचे. बोलायला विषय हवा म्हणून
सांगितलं, मिरजेला आमचे वडील भावाला म्हणायचे,
शिकला नाहीस तर कबुतरं उडवत बसशील.
एर्नी इतका हसला की ढाबळ फडफडून उठली.
"एकतीस वर्षं कोळसा काढला मी," म्हणाला,
"शनिवारी कबुतरं उडवता यावीत म्हणून."

मंगळवारी वारा दक्षिणेकडून आला.
मी तिला दोन्ही हातांनी वर सोडलं.
धुराड्यांवरून एक फेरी, दुसरी,
मग सरळ समुद्राकडे, साफ चुकीच्या दिशेला.
एर्नी वर बघत नव्हता. खाली वाकून
फळीवरची वाळलेली शीट खरवडत होता.
"गेली?"
"गेली."
"कुठं?"
तेवढ्यात ती वळली.
"उत्तरेला," मी म्हणाले, आणि तो खरवडायचा थांबला.

खरं सांगते, मला वाटलं होतं
या प्रसंगात माझ्यासाठी काहीतरी असेल.
घर, परदेश, पायातलं वाळं,
बसल्या बसल्या कविता होईल.
पण तिला दाणे हवे होते, ती दाणे खात होती.
माझ्याकडे पाहायची ती नारिंगी डोळ्यानं,
एका वेळी एकाच,
आणि त्यात मी कुठेच नव्हते.

आठवड्यानं एर्नीनं खिडकीतून हाक मारली.
रिसीव्हर माझ्यापुढे धरला, तोंडातला पाइप न काढता.
रदरफर्ड. आभार नाहीत, नमस्कार नाही.
मंगळवारी दुपारीच आली, म्हणाला,
पावसात छपरावर बसून होती, मी दार उघडेपर्यंत.
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग:
"पाण्यात काय घातलं होतं?"

मी सांगितलं, आई जुलाबात आम्हाला द्यायची तेच.
उकळून गार केलेलं एक लिटर,
साखर सहा चमचे, मीठ अर्धा.
तो लिहून घेत होता, पेन्सिलचा आवाज येत होता.
आणि द्यायच्या आधी स्वतः चाखून बघा, म्हटलं,
डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट
लागता कामा नये.