कूलर लावायचा दिवस

एप्रिलची नऊ तारीख उजाडली
तरी कूलर गच्चीवर ताडपत्रीखालीच.
दरवर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी हे एकटे तो खाली आणत,
कुणी हात लावला तर चिडत.

यंदा छाती उघडून शिवलेली.
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, डॉक्टर म्हणाले,
आणि महिनाभर जिना नाही.
"अन् नातू किती किलोचा असते?" यांनी विचारलं.
डॉक्टर हसले. मी नाही हसले,
मी फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावत होते.

घरी येऊन पाहिलं, पाच किलोत काय काय बसतं.
कणकेचा डबा बसतो.
देवघर बसतं, देवांसकट.
भरलेली बादली नाही बसत.

केतकीला सातवा.
वार खाली आहे, तिलाही जिना बंद,
आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर, नंदनवनात.
(वस्तीचं नाव आहे. मे महिन्यात येऊन पाहा.)
तळमजल्यावरच्या खोब्रागडेबाईंनी समोरची खोली उघडून दिली,
पंखा लावला, उशी आणली,
आणि विचारायचं ते काहीच विचारलं नाही.

तर असं: बाप वर, लेक खाली,
मधे एकोणतीस पायऱ्या,
आणि त्या पायऱ्यांवर कूलर घेऊन हर्षल,
ज्याला यांनी दोन वर्षं नुसतं "तो" म्हटलं.
"तो आला होता का?" "त्याचा फोन होता का?"
टाकी खांद्यावर, वाळ्याच्या ताट्या काखेत,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

खुर्चीतून हे बघत राहिले. बराच वेळ गप्प.
मग एकदम,
"काऊन गा, पंप उलटा लावून राह्यला का?
असं शिकवलं का तुले कॉलेजात?"
मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते,
आमच्याकडचा सांबार.
हात थांबला.
यांचं ओरडणं ज्याच्या वाट्याला येतं
तो घरातला असतो.
हर्षलला हे ठाऊक नसावं. तो म्हणाला, "सॉरी बाबा,"
आणि पंप सरळ केला. पाणी तरी गळलंच.

दुपारी भाजीची पिशवी दोरीनं खाली सोडली,
आत चार सांबारवड्या, कढीचा डबा.
पिशवी वर आली ती जवळपास रिकामी,
तळाशी सोनोग्राफीचा काळा फोटो.
यांनी तो उजेडाला धरला, उलटा.
मी सुलटा केला. तरी काही कळलं नाही आम्हा दोघांना.
गॅलरीच्या कठड्यापाशी जाऊन,
छातीवर उशी दाबून,
(खोकला आला तर टाके ओढतात)
यांनी खाली विचारलं, "वजन किती म्हणते?"
"एक किलो दोनशे, बाबा!"
"मंग चालते," हे म्हणाले. "पाचाच्या आत हाये."

आभार हा शब्द आमच्याकडे माइकवर असतो,
वर्गणीच्या यादीनंतर.
घरात कुणी कुणाला म्हणत नाही.
मी आत्ता म्हटलं तर हे विचारतील,
काऊन, तब्येत बरी नाही का तुही?
आणि ती नाहीच तशी. माझी शुगर तपासायची
या गडबडीत राहिली.
राहू दे. सगळेच चोर
एका दिवशी पकडायचे नसतात.

म्हणून नुसतीच उभी राहिले मोरीत,
खोब्रागडेबाईंचा डबा घासत, गरजेपेक्षा जास्त वेळ.
परत देताना त्यात संत्र्याच्या बर्फीचे दोन तुकडे घातले.

रात्री कूलर सुरू केला.
आधी गरम वारा, लोखंडाचा वास,
मग हळूहळू ओला वाळा.
खाली बादली, थेंब पडतोय टप्, टप्.
हे झोपलेले, तोंड किंचित उघडं.
दवाखान्यापासून सवय लागली आहे मला,
यांचे श्वास मोजायची.
आज एक थेंब, एक श्वास, एक थेंब,
असं करता करता आकडा चुकला,
पुन्हा एकपासून धरला,
सदतीसपर्यंतचं आठवतं.
जाग आली तेव्हा उन्हं आत आली होती,
बादली भरून वाहिली होती,
आणि हे ओरडत होते.