ऐच्छिक पेपर

वर्गात आम्ही चौघंच. पंखा एक, तोही सरांच्या डोक्यावर.
मगदूम सर खिशातून आधी खडू काढायचे, मग सुपारी.
पहिल्याच तासाला सांगून टाकलं:
मी आजवर एकही ज्यू माणूस पाहिलेला नाही.
कोकणात आहेत म्हणतात, तेलाचे घाणे होते त्यांचे,
शनिवारी बैल सोडून ठेवायचे.
जाऊन यायचं राहिलं.
मग दोन हजार वर्षं सुरू व्हायची
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून.

दादा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी.
म्हणाले, रव्याला भाव असतो बाई, ह्याला काय भाव?
कोल्हापुरात बसून ज्यूंचं काय करणार तू?
सांगता आलं नाही.
पेपर ऐच्छिक होता, टाइमटेबलात बसत होता,
एवढंच खरं कारण.

शिकले त्यातलं बरंचसं गेलं. सनावळ्या गेल्या.
कुठल्या शहरातून कधी हाकललं, ती यादी
वही आडवी धरून लिहिली होती, तीही गेली.
राहिली एक खोली.
जुन्या कैरोतल्या प्रार्थनाघराची, भिंतीत उंचावर एक भोक,
शिडी लावायची आणि कागद आत सोडायचा.
देवाचं नाव असलेला कागद मारायचा नाही,
निजवायचा.
आणि लोकांनी देवाशेजारी काय काय निजवलं:
मिरीचा हिशेब, काडीमोड, उधारी,
कुणा पोरानं गिरवलेली मुळाक्षरं.
बघा, सर म्हणाले होते, वाण्याची चिठ्ठी नऊशे वर्षं टिकली,
कारण तिच्यात देव नाही
अशी कुणाला खात्री नव्हती.

पुढे परीक्षा, महापालिका, जन्म-मृत्यू विभाग.
टेबल, शिक्का, शाळेच्या ॲडमिशनआधी धावत येणारे बाप.
दहा वर्षं मी ती खोली विसरून होते.

मग त्या ऑगस्टात पंचगंगा गंगावेशीतून आत आली
आणि थेट आमच्या तळमजल्यावर बसली, सहा दिवस.
उतरली तेव्हा रजिस्टरं पावासारखी फुगलेली.
साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले,
लगदा झालाय, पंचनामा करा, रद्दीत घाला.
तसं चूक नव्हतं त्यांचं.
माझ्या तोंडून गेलं: नावं आहेत त्यात.
आवाज माझा वाटला नाही मला,
त्याला सुपारीचा वास होता.

तीन दिवस मागून घेतले. अकरा आठवडे लागले.
हॉलभर सुतळ्या बांधल्या,
शब्बीर शिपायानं तालमीतून पंखे आणले,
आणि निळ्या शाईतली माणसं वाळू लागली.
अमुक बिन तमुक, राहणार उत्तरेश्वर पेठ, कारण देवी.
मुलगी, नाव ठेवलेले नाही.
एका बेलदाराच्या पोराला त्यातली अर्धी ओळ पुरली:
पणज्याचं नाव, जात, पुढे नुसता डाग.
डागाच्या अलीकडचं घेऊन तो पडताळणीला गेला.
चाळीसेक रजिस्टरं उघडलीच नाहीत. विटा झाल्या.
ती मांजरपाटात बांधून माळ्यावर ठेवलीत.
कागदोपत्री शेरा: नष्ट.
हे कुणाला सांगू नका.

गेल्या महिन्यात खिडकीशी मगदूम सर.
त्यांनी मला ओळखलं नाही.
बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यात वेलांटी चुकली होती.
त्रिशला. पहिली हवी, आम्ही दुसरी दिली होती.
एवढ्यासाठी आलो, म्हणाले, लोक हसतील.
मी रजिस्टर काढलं. लाल शाई, दुरुस्ती, सही, तारीख.
मग म्हटलं, सर, तुमच्याच पेपरचं काम करते इथं.
कुठला पेपर, ते त्यांना लवकर आठवेना.
आठवला तेव्हा चष्मा काढून पुसत बसले.
किती दिले होते मी तुला?
अठ्ठेचाळीस.
असतील, म्हणाले. उत्तरं फार लांबवायचीस तू.
आणि काचेखालच्या फटीतून
सुपारीची पुडी आत सरकवली.