शून्याचं तिकीट

नंदगडच्या गाडीत बायकांचं तिकीट शून्य रुपयांचं.
तरी कंडक्टर ते काढून देतोच
आणि आपण घडी करून मुठीत धरायचं,
पिरनवाडीला चेकर चढला तर.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात
शेजारच्या बाकावर केदारी, येळ्ळूरचा.
तास सुटल्यावर मी म्हटलं, "येतो मी."
आमच्याकडे पोरीसुद्धा असंच बोलतात,
मी जेवलो, मी दमलो, मी रडलो नाही.
(वहीत मात्र 'दमले' लिहिते, बाईंनी लाल शाईनं शिकवलेलं.)
तो हसला. "तू तर आपल्यातलाच गडी!"
बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.
दहावीपर्यंत आमची रांग वेगळी, नळ वेगळा,
आणि इथं कुणीतरी एका शब्दात आत घेतलं.

मग त्याचं जर्नल, बेडकाच्या आकृत्यांसकट.
मग वाढदिवसाचा कुंदा, कागदाला तूप सुटलेला.
मग थर्ड गेटपर्यंत गाडीवरून.
दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा बसले
मध्ये दप्तर ठेवून.

दिवाळीच्या सुट्टीआधी रेणुकानं फोन पुढं केला.
पोरांचा ग्रुप. लायब्ररीत पाठमोरी मी,
वेणी सुटलेली, एक चप्पल काढलेली,
खाली लिहिलेलं: आपला माल.
आणि हसणारे अकरा चेहरे, पिवळे, पाणी येईस्तोवर हसणारे.
विचारलं तर म्हणाला, गंमत होती.
मग म्हणाला, एवढं केलं तुझ्यासाठी.
कुंदासुद्धा धरला त्यानं हिशेबात.

आई म्हणते, पोरगा म्हणजे पोरगाच,
शितावरून भात कळतो.
पण आई, भात एका पातेल्यातला असतो तेव्हा.

डिसेंबरात एकदा सव्वासातची गाडी आलीच नाही.
स्टँडवर बोर्ड कन्नडात,
मी एकेक अक्षर जुळवेपर्यंत बस निघून जाते.
मल्लू होता पलीकडच्या खांबाला टेकून,
बैलहोंगलचा, आमच्याच वर्गातला, फार न बोलणारा.
खिडकीवर जाऊन काहीतरी विचारून आला.
"आठ वाजता आहे एक. मी थांबतो. तिकडंच."
आणि खरंच तिकडंच थांबला, चार पावलं सोडून.
त्याची बैलहोंगलची गाडी समोरून गेली.

मीच गेले शेवटी खांबापाशी.
"त्या ग्रुपमध्ये तूपण होतास ना?"
"होतो."
"मग?"
"वाचलं. फोन खिशात घातला."
पुढं काही नाही. सॉरी नाही, शपथ नाही.
शेंगदाणेवाला आला, गेला.
मला राग आला, आणि रागाच्या खाली
आणखी काहीतरी, ज्याला मराठीत शब्द शोधत होते.

"भरवसा, याला तुमच्यात काय म्हणतात?"
"नंबिके."
मला ऐकू आलं: नंबर.
बॅग छातीशी धरली.
त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश, जोड अक्षरं सोडवून,
आणि नंबर मागितला नाही,
त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

गाडी लागली. त्याच्यासमोरच मी रेणुकाला कळवलं,
गाडीचा आकडा, वेळ, सोबत स्टँडवर मल्लू.
मुद्दाम समोर. बघू तर खरं तोंड कसं होतं.
तो वाकून बघत म्हणाला,
"आडनाव पण लिही. हिरेमठ. वर्गात दोन मल्लू आहेत."

पायरीवरून मी म्हटलं, "येतो."
त्यानं हात केला. कन्नडात 'मी'ला
बाई-पुरुष नसतो, असं त्यानंच कधीतरी सांगितलं होतं.
खरं की काय, रेणुकाला विचारायचं राहिलंय.

अजून ठरलेलं नाही काही.
खिडकीशी बसले, दप्तर शेजारच्या सीटवर ठेवून.
शून्य रुपयांचं तिकीट, शाई पुसट झालेली.
फुकटच आहे म्हणून
मूठ उघडली नाही.