अकरा मैल

आमच्या चर्चच्या जुन्या लग्नवहीची नक्कल करायचं काम
या हिवाळ्यात माझ्याकडे आलंय.
पानं ओलसर, शाई चहाच्या रंगाची
आणि मजकूर एकच:
वर याच गावचा, वधू याच गावची.
ग्रिमवुडांची पेकांकडे, पेकांची थर्टलांकडे,
थर्टलांची फिरून ग्रिमवुडांकडे.
शंभर वर्षं मोजकी आडनावं
एकमेकांच्या परसातून ये-जा करत राहिली,
इतकी, की शाळेच्या जुन्या फोटोत
तिन्ही रांगांना मिळून एकच कान आहे.
डावा. जरा बाहेर आलेला.
माझाही तसाच.

दोष कुणाचा नाही.
धारेच्या वेळी ज्याला गोठ्यात हजर राहायचंय
तो पोरगा बुटांनी जाऊन जाऊन किती जाणार?
तीन मैल. चांदणं असलं तर चार.
त्यापुढे दलदल, दलदलीपुढे परमुलूख.
प्रेमालाही शीव होती
आणि ती टाचेवरच्या फोडाइतकी खरी होती.

डॉक्टरांच्या मुलाने एकदा ती उंच चाकाची आणली होती म्हणे.
पुढचं चाक छातीएवढं, मागचं ताटलीएवढं.
कुत्री मागे लागली, तो चरात गेला,
गाव आठवडाभर पोट धरून हसलं.
श्रीमंतांची पडायची तऱ्हाही उंच.

मग दोन्ही चाकं सारखी झाली, त्यांच्यात हवा आली,
आणि किंमत, हाता-हातांतून उतरत,
लोहाराच्या पोराच्या खिशापर्यंत पोचली.

अठराशे अठ्ठ्याण्णव. पान एकशे बारा.
वर: जाबेझ थर्टल, याच गावचा.
वधू: केझाया फिनबो,
आणि पुढच्या रकान्यात एका गावाचं नाव
जे या वहीत त्याआधी कधीच आलेलं नाही.
मी नकाशा काढला. रस्त्याच्या वळणांवरून दोरा लावला.
अकरा मैल.

कसा भेटला असेल तिला?
पंक्चर झालं असणार, मला वाटतं.
मोठ्या गोष्टींत कुठेतरी एक खिळा असतोच.
त्याने बादलीभर पाणी मागितलं असेल
आणि दोघं वाकून बघत बसली असतील
बुडबुडा नेमका कुठून येतोय ते.

पण मला आवडते ती त्यापुढची गोष्ट,
तिच्या नातीने, बेरिलने, सांगितलेली.
सासरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात
केझाया नवऱ्याची सायकल शिकली.
घागरा साखळीत अडकून फाटला,
तिने तो शिवला नाही, वीतभर कापूनच टाकला.
पाद्र्याने रविवारी गुडघ्यांवर प्रवचन दिलं.
ती मागच्या बाकावर बसून
सगळं नीट ऐकत होती.
आणि बुधवारी, पाव भट्टीतून काढून झाल्यावर,
अकरा मैल आईकडे.
आईचे केस विंचरले, पातेल्यावरून भांडली,
थोडी रडली,
दिवेलागणीला परत.

त्याआधी इतक्या लांब दिलेली मुलगी
आईच्या मयतालाच यायची,
तेही निरोप वेळेत पोचला तर.
लग्नात मागे राहिलेल्या त्या घराला
आमच्या भाषेत शब्द नाही.
शब्द नव्हता; तिने वाट पाडली.

पुढच्या पानांवर गावं वाढत जातात.
आठ मैल, चौदा, एक तर थेट खाडीपलीकडची.
फोटोंतला तो कान विरळ होतो.
(आमच्या घरातले कुठे गेले नाहीत, ते दिसतंच.)

नक्कल करताना अडचण एकच:
जाबेझने सही चांगली ठसठशीत केलीय,
तरी तिच्याशेजारी अंगठा उमटलाय, काळा, तेलकट,
सव्वाशे वर्षांत न वाळलेला.
ती शाई नव्हे.
नियम सांगतो, डाग उतरवायचे नाहीत.

बाहेर भिंतीला माझी सायकल टेकून आहे.
साखळीला कालच वंगण घातलंय.