चारशे पासष्ट

डिस्क आली ती रुमालात गुंडाळून.
खानापुरातून, सकाळच्या पॅसेंजरने,
आण्णू उपाध्ये स्वतः घेऊन आले.
"दुकान बंद केलंय बाई मी.
हे विकून सोड. पण आधी पुसून सोड, सगळं."
स्टिकरवर त्यांच्याच अक्षरात: डीटीपी २. हात लावू नये.

शहापुरात, खडेबाजारातल्या माझ्या टेबलावर
मी तिला केबल लावली.
आधी जरा कण्हली, मग सरळ फिरू लागली.
एकवीस हजार तास चालून आलेली,
आठ सेक्टर मेलेले, त्यांच्या जागी राखीवातले आठ
निमूट कामाला लागलेले.
"चांगली आहे अजून," मी म्हटलं.
"कोण?" म्हणाले आण्णू.

लोक म्हणतात फॉरमॅट मारा, दोन मिनिटांचं काम.
दोन मिनिटांत फक्त अनुक्रमणिका फाटते.
पानं आत तशीच असतात
पुढचा कुणी वर लिहीपर्यंत.
म्हणून मी शून्यं भरते,
पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत,
भिंतीला चुन्याचा हात द्यावा तशी.

त्याआधी एकदा उघडून बघते.
बघू नये. बघते.

लग्न २००९. लग्न २०१०. बारसं. वास्तुशांती.
दशक्रियेचा कोरा नमुना, नाव तेवढं भरायचं.
ऊस वाहतुकीच्या पावत्या.
एक फाईल उघडली तर नुसते चौकोन, डॉलर, उलटे स्वल्पविराम.
त्यांचा फॉन्ट माझ्याकडे नव्हता.
फॉन्ट नसला की मराठी कार्ड आणि कन्नड कार्ड
सारखंच दिसतं.
आण्णूंनी चष्मा कपाळावर चढवला
आणि त्या कचऱ्यातून वाचून दाखवलं:
"हा डॉलर म्हणजे श्री. हे वधूकडचं, मराठी.
इथून खाली वराकडचं, कन्नड. बैलहोंगलचे.
जेवण मात्र दोन्हीकडं बारा वाजता."

मग ती फाईल. वैजयंती फायनल.
खाली, वैजयंती फायनल २.
त्याखाली, वैजयंती फायनल खरं.

मी काही बोलले नाही. ते केबलकडे बघत राहिले.
तेरा वर्षांपूर्वी तारीख दोनदा बदलली,
तिसऱ्यांदा मुलाकडचे आलेच नाहीत.
"अ‍ॅडव्हान्स परत दिलेला मी तुझ्या बाबांना."
"माहीत आहे."
"कागद तेवढा आणून ठेवला होता. गुलाबी.
पुढं दुसऱ्यांच्या कार्डाला वापरला."
"बरं केलंत."

एंटर दाबलं.
साडेतीन तास. बासष्ट टक्क्यांवर हेस्कॉमची लाईट गेली,
यूपीएस रडू लागला,
आण्णूंनी टेबलाची कड धरली
जणू बस चोर्ला घाटात वळते आहे.
लाईट आली. सत्तर. चौऱ्याऐंशी.
त्यांनी दोन चहा मागवले, पैसे मला देऊ दिले नाहीत.
शेवटी मी मधलाच एक सेक्टर उघडून दाखवला:
शून्यांच्या रांगा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
"ह्याला फॉन्ट लागत नाही," ते म्हणाले,
आणि रुमाल झटकून घडी घातली.

संध्याकाळी डिस्क उद्यमबागेत गेली,
बसगौडाच्या फौंड्रीत, गेटच्या कॅमेऱ्याला.
आता महिनाभर तिच्यात येत राहतील
सायकली, भंगाराचे टेम्पो, पाळी सुटताना हातातले डबे,
आणि एकतिसाव्या दिवशी
पहिला दिवस आपोआप पुसला जाईल,
कुणाला न विचारता.

रात्री त्याचा फोन.
तो कन्नडात विचारतो, मी मराठीत सांगते,
एवढ्यापुरतं दोघांनाही येतं.
पाचशे म्हणालात, इथं चारशे पासष्ट दाखवतंय.
पस्तीस कुठं गेले?
दर गिऱ्हाईक हेच विचारतं.
कंपनी हजाराने मोजते, मशीन एक हजार चोवीसने.
"गेलं काही नाही," मी म्हणते, "मोजायची रीत वेगळी."

"म्हणजे आत जुनं काही उरलं नाही ना?"
"नाही."
"बघितलंत?"
"बघितलं."